बोंबील बांधायच्या लायकीचं युद्ध

युद्धावरचं पुस्तक चांगलं की टाकाऊ, हे तुम्ही कशावरून ठरवता? लेखकाच्या पदकांवरून, की कपाटात ते किती भारदस्त दिसतं यावरून? आमच्या सुकटमावशीची परीक्षा सोपी होती. नापास झालेल्या पुस्तकात ती सुके बोंबील बांधायची.

मावशी डहाणूच्या किनाऱ्यावरची, तलासरीच्या आठवडा बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. डहाणूतलं एक वाचनालय बंद पडलं, तेव्हा त्यातली पुस्तकं रद्दीच्या भावाने तिच्याकडे आली. प्रेमाच्या कादंबऱ्या आणि थोरांची आत्मचरित्रं ती न वाचता फाडायची. कवितासंग्रहांवर तिचा वेगळा राग होता, पान लहान असतं आणि जवळा सांडतो. युद्धाची पुस्तकं तेवढी ती बाजूला काढून वाचायची, तीही शेवटच्या पानापासून. बघायचं एकच, माणूस घरी येतो का.

कारण तिचा धाकटा भाऊ घरी येत नव्हता. तो गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानने अख्खी बोटच धरली. तेव्हापासून तो कराचीच्या तुरुंगात होता. कोणी विचारलं की मावशी म्हणायची, "हाय तिकडं. सरकारी जेवन जेवतो." पुढचं विचारायची कोणाची छाती नव्हती.

तिचं सगळ्यात नावडतं पुस्तक एका निवृत्त सेनाधिकाऱ्याचं. जाडजूड, कागद गुळगुळीत, पानोपानी नकाशे आणि नकाशांवर बाण. एका नकाशात तर समुद्रावरही तुटक रेघ होती. मावशीने ती नखाने खरवडून पाहिली. "ही पान्यात कुठं असते ते साहेबाला इचार. आमच्या भावाला नाय दिसली." गुळगुळीत कागदाची पुडी नीट बसत नाही, म्हणून ते पुस्तक फाटण्यापासून वाचलं होतं. ती त्यावर बसायची. साहेबांच्या पराक्रमाला इतका भक्कम उपयोग दुसरा कोणी दिला नसेल.

आवडतं पुस्तक बारकं, बिनकव्हराचं. नाव कोणालाच ठाऊक नाही. शेवटच्या पानावर एक शिपाई बऱ्याच वर्षांनी घरी येतो. बायको चुलीपुढून मान वर करून म्हणते, आलास का, कौलं शाकारायचीत. संपलं. मी चळवळीतल्या घरात, पत्रकांवर वाढलेली. आमच्या घरी अंगाईसुद्धा घोषणेच्या चालीत म्हणत. मी म्हटलं, हे युद्ध कोणाच्या फायद्याचं होतं, ते यात कुठे आहे?

"बाय, आधी त्याला कौलं शाकारू दे," मावशी म्हणाली. "मग इचार."

मग मीच युद्धाविरुद्ध एक पत्रक लिहिलं आणि मोठ्या ऐटीत तिला दिलं. पुढच्या बाजाराला आईने सुकट आणली, ती माझ्याच पत्रकात. 'मुर्दाबाद'वर सुकटीचं एक डोकं चिकटलं होतं. मी भांडायला गेले. माझं सगळं बरोबर आहे, हे मावशीला मान्य होतं. "पन कोन घरी येत नाय यात," ती म्हणाली.

२०१९ उजाडलं तेव्हा काही खलाशी सुटणार आणि त्यात भाऊही आहे, असा निरोप आला. मावशीने त्याची गोधडी धुऊन वाळत घातली. ती वाळली असेल नसेल, तोच टीव्हीवर विमानं घोंगावू लागली आणि सुटकेचं बोलणंच बंद झालं. बाजारात मोबाइलवाल्याने पेढे वाटले. मावशीपुढेही एक धरला, "तोंड गोड करा, आता घुसून मारणार."

"माझा भाऊ तिकडंच हाय," मावशी म्हणाली. "मारताना बघून मारा."

मग ती उठली, बुडाखालचं पुस्तक काढलं आणि टराटरा फाडलं. त्या दिवशी पेढा खाऊन आलेल्या प्रत्येकाला बोंबील नकाशात मिळाले. पुडी सुटो की सांडो. मोबाइलवाल्याला तिने सगळ्यात जास्त बाणांचं पान दिलं.

होळी झाली, ऊन तापलं. सुटकेची बातमी आली, पण भाऊ नेमका कधी पोचणार ते कोणालाच माहीत नव्हतं. त्या बाजाराला मी तिच्याशेजारीच बसले होते. गुजरातेतून राज्याच्या सीमेवरच्या अच्छाडपर्यंत आणि तिथून ट्रकने आलेला एक वाळका माणूस टोपलीपुढे येऊन उभा राहिला. बहीण कुठे बसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मावशीने मान वर केली.

"आलास? ती टोपली सावलीत घे. ऊन लागतंय."

त्याने टोपली उचलली. समोरच्या गिऱ्हाइकाचे बोंबील मावशीने तराजूत घातले, परत काढले, परत घातले.

त्या पावसाळ्यानंतर मावशीच्या गुडघ्यांनी संप पुकारला. आता तिच्या जागी भाऊ बसतो. त्याला वाचता येत नाही, त्यामुळे तो सगळ्या पुस्तकांना एकच न्याय लावतो. निवडायचं काम आता आपल्यावर आलं आहे. तेव्हा एवढं करा: कपाटातलं युद्धाचं पुस्तक काढा आणि शेवटचं पान उघडा. कोणीच घरी येत नसेल, तर ते तलासरीच्या बाजारात त्याला नेऊन द्या. आणि कोणी येत असेल, तर पेढे वाटणाऱ्या तुमच्या शेजाऱ्याला ते पान वाचून दाखवा.