ताकदीची सलाईन

बाबांच्या छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, पेसमेकर होता. तो बसवून वर्ष होत आलं तेव्हा त्यावरची कातडी लाल झाली आणि अंगात बारीक ताप राहू लागला. तोवर संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावात भेटायला आलेल्या प्रत्येकाने ते मशीन बोटाने चाचपून पाहिलं होतं. बाबांचा एक मित्र तर छातीशी वाकून थेट मशीनलाच विचारायचा, "चालू हायेस ना बे?"

मशीन बसवणाऱ्या अकोल्याच्या डॉक्टरांनी फोनवर ताबडतोब या म्हणून सांगितलं. निघण्याआधी आईने बाबांना गावातल्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावून घेतली. आमच्याकडे लांबचा प्रवास असो की घरचं लग्न, अशक्त माणसाला आधी सलाईन लावतात. तिला कोणी उपचार मानत नाही. ती प्रवासाच्या तयारीतच मोडते. ताप असला की गावातले डॉक्टर तिच्यात प्रतिजैविकाचं इंजेक्शन सोडतात. त्या दिवशीही सोडलं.

अकोल्यात रक्त घेण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "इतक्यात कुठलं औषध दिलंय का? इंजेक्शन वगैरे?"

"नाही जी," आई म्हणाली. "घरून सिध्धे इथंच आलो."

रक्त जंतूंच्या तपासणीला गेलं. अहवाल आला: वाढ नाही. मग नेहमीच्या जंतूंवरची औषधं दिली गेली. ताप उतरला. मशीन काढावं लागलं नाही म्हणून आईने गल्लीत पेढे वाटले.

ताप परत आला तो थंडी वाजूनच. कातडी फुटून पू आला. या वेळी डॉक्टरांनी मशीन आणि हृदयात गेलेल्या तारा, दोन्ही काढून टाकल्या. त्यांच्यावरच्या पुवात, बरीच वाट पाहिल्यावर, सावकाश वाढणारा एक दुर्मिळ जंतू सापडला. संसर्ग तोवर रक्तात पसरला होता.

"पहिल्या वेळी का नाही दिसला?" मी विचारलं.

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. "आजी, तेव्हा खरंच काही दिलं नव्हतं?"

"सलाईन लावली व्हती. ताकदीची. थे काय दवाई व्हय?"

डॉक्टरांनी गावातल्या दवाखान्यात फोन करून तिच्यात काय सोडलं होतं ते विचारलं. "तिच्यातल्या इंजेक्शनने जंतू मेला नसणार. आमच्या तपासणीपुरता दबला असणार."

आता या जंतूवर चालणारं एकच जोरकस इंजेक्शन उरलं होतं, तेही बरेच आठवडे. त्याने कान जाऊ शकतात, हे त्यांनी आधीच सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. आम्ही सही केली.

बाबा वाचले. नवं मशीन उजव्या बाजूला बसलं. ऐकू येणं मात्र हळूहळू गेलं, आणि कानाला यंत्र लावूनही फारसं परतलं नाही. पाहुणे येतात, "वाचले, देवाची कृपा," असं ओरडून सांगतात. बाबा त्यांना पावसाचं विचारतात. मशीनशी बोलणारा मित्र दोनदा येऊन गेला, पुन्हा आला नाही. ओरडून ओरडून आईचा घसा बसला, तेव्हापासून ती त्यांना जेवायला हाताने खुणावते.

परवा बाबा ताटावरून उठले. "मले ढोरावानी हात काऊन करतं वं?"

"मंग काय करू? बोललेलं आयकू येते का तुमाले?" आई किंचाळली.

बाबा तिच्या ओठांकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "बोल ना."