बारकीचा फॉर्म

आमच्या गल्लीत तिला सगळे लीडरबाई म्हणायचे. विद्यापीठातल्या विद्यार्थी संघटनेची ती अध्यक्ष. वय जेमतेम बावीस, पण आवाज असा, की माझ्या लॉन्ड्रीतली मशीन चालू असतानाही शब्द न् शब्द ऐकू यायचा. शाळा संपवून कामाला जुंपलेल्या पोरापोरींना ती हुडकून काढायची आणि पुढे शिका म्हणून त्यांचं डोकं खायची. मला तिचा भयंकर राग यायचा. माझी भाची बारकी माझ्याकडे इस्त्री करायची आणि कॉलर तिच्यासारखी कुणालाच जमत नव्हती.

"मामा, हिला अजून किती दिवस वाफेत उकडणार?" लीडरबाई दारातूनच विचारायची.

"फुकट नाही उकडत. पगार देतो."

"मग मलाही ठेवा कामावर. काम करता करता शिकवते हिला."

आणि खरंच उभी राहिली की! पहिल्याच दिवशी एका वकिलाचा शर्ट जाळला. बारकी पोट धरून हसली. आई गेल्यापासून पोरगी तशी हसली नव्हती, म्हणून वकिलाची बोलणी मी निमूटपणे खाल्ली. तेव्हापासून लीडरबाईला मी स्टूल द्यायला लागलो.

बारकीचा बाप लांब बंदरावर कामाला होता. त्याने फोनवर सरळ सांगितलं होतं, यंदा हिला प्रवेश मिळाला तर ठीक, नाहीतर मी येऊन घेऊन जातो, इथे कारखान्यात जागा आहे.

लीडरबाईचा एक हट्ट होता. कुणाचाही फॉर्म ती स्वतः नेऊन द्यायची नाही. "ज्याचा त्याने विद्यापीठाच्या खिडकीत द्यायचा. तिथे उभं राहायची भीती एकदा गेली की पुढचं जमतं," म्हणायची. बारकीने फॉर्म आधी कच्चा लिहिला, तोही चारदा, मग पक्का. पण त्याच आठवड्यात माझ्याकडे हॉटेलच्या चादरींचा ढीग येऊन पडला. मी म्हटलं, "शेवटच्या तारखेला जा ना, काय बिघडतंय?" ती बरं म्हणाली.

शेवटच्या तारखेला स्वतःच्या ड्रेसला कडक इस्त्री करून ती गेली. बघते तर विद्यापीठाचं गेट बंद. काम करणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग हवेत, म्हणून संघटना सकाळी अचानक धरणं धरून बसली होती. लीडरबाई गेटवर चढून ओरडत होती, "आज कुणीही आत जायचं नाही!" तिला वाटत होतं, आपल्या सगळ्या पोरांचे फॉर्म केव्हाच जमा झालेत. गर्दीत बारकी दिसली आणि तिला कोण आनंद झाला! हाताला धरून तिने तिला पहिल्या रांगेत बसवलं, हातात फलक दिला. फॉर्मची फाइल मांडीखाली ठेवून बारकी पाच वाजेपर्यंत घोषणा देत राहिली. पाचला खिडकी बंद झाली.

"दिलास फॉर्म?" मी विचारलं.

"गेट बंद होतं. ताई म्हणाल्या, आज कुणी आत जायचं नाही."

"अगं, मग सांगायचं ना त्यांना!"

"सगळं आमच्यासाठीच चाललं होतं, मामा. मी एकटीच कशी आत जाणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लीडरबाई नाचतच आली. "जिंकलो, मामा! पुढच्या वर्षापासून संध्याकाळचे वर्ग! पहिलं नाव बारकीचं!" मी फाइल तिच्यापुढे ठेवली. फॉर्म बघून ती तिथेच चादरींच्या ढिगावर मटकन बसली.

मग आठ दिवस तिने विद्यापीठाचे उंबरे झिजवले. ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या त्यांचेच पाय धरले. तारीख म्हणजे तारीख, एवढंच उत्तर. नवव्या दिवशी बाप आला.

बसच्या खिडकीशी लीडरबाई रडत म्हणाली, "मला शिव्या तरी दे गं."

"बाकीच्यांचं बघा, ताई," बारकी म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं आणि नजर वळवली.

संध्याकाळचे वर्ग सुरू होऊन आता दोन वर्षं झाली. वर्ग गच्च भरतो म्हणे. लीडरबाईने अध्यक्षपद सोडलं. रविवारी ती दुकानात येते, माझ्याबरोबर चादरींच्या घड्या घालते आणि दर वेळी एकदा तरी म्हणते, "माझ्यामुळे गेली, मामा."

मी तिच्यापुढे चहा सरकवतो. बारकी आधीच जाणार होती, मी तिला चादरींसाठी थांबवलं, हे मी लीडरबाईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या पोरीच्या मनावरचं ओझं निम्मं होईल, कळतं मला. दर रविवारी ठरवतो, आणि दर रविवारी ती घड्या घालून निघून जाते.