फ्रिजवरची अर्धी जनावरं

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर माझा जन्म गेला. रिटायर झालो तरी हात काही गप्प बसत नाहीत. बायको म्हणते, ह्यांना रिकामं ठेवलं तर दारांच्या बिजागऱ्याही सोडून ठेवतील. खोटं नाही ते.

मुलगा आणि सून वेगळे झाले आणि सात वर्षांची नात आईबरोबर पुण्याला गेली. आमच्या जयनगरच्या घरात तिचा एक डबा राहिला. त्यात प्लास्टिकची जनावरं: हत्ती, गाय, मगर, झेब्रा, सगळी बोटभर उंचीची. जाताना तिनंच तो कपाटात ठेवला होता. "हे इथंच असू देत, मी येणार आहे ना," म्हणाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती येणार असं ठरलं आणि मला एकच धास्ती लागली, पोरीला हे घर आता परकं वाटायला नको. काहीतरी नवीन करून तिला खूश करावं म्हटलं.

कुणाच्या तरी फ्रिजवर अर्धा घोडा बघितला होता, दारातून बाहेर येतोय असा. झालं, मी डबा काढला.

"आधी तिला फोन करून विचारा," बायको म्हणाली.

"एवढ्याशा पोरीला काय विचारायचं?"

"तिची आहेत ती. स्वल्प, थोडं तरी डोकं चालवा."

मी कसला ऐकतोय. जनावराला चिंधी गुंडाळून व्हाइसच्या जबड्यात हलकंच आवळून धरायचं, नाहीतर पोट दबतं. हॅक्सॉनं मधोमध कापायचं, कानशीनं कड घासायची. आत पोकळ निघालं तर पुट्टी भरायची आणि त्यावर बटणाएवढं लोहचुंबक चिकटवायचं. चार दिवसांत अकरा जनावरं फ्रिजच्या दारातून तोंडं काढून उभी राहिली. मी स्वतःवरच खूश होतो.

नात आली, चपला काढल्या आणि पाणी प्यायला सरळ स्वयंपाकघरात गेली. फ्रिजसमोर थांबली. मी मागं उभा, शाबासकीची वाट बघत. तिनं हत्ती काढला, उलटा करून बघितला.

"माझा हत्ती कापला?"

रडली नाही, आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. हत्ती परत लावला आणि आजीला चिकटून बसली. संध्याकाळी आजीला हळूच विचारताना मी ऐकलं, "माझी गादी पण देऊन टाकली का कुणाला?"

कारखान्यात साहेबांशी भांडलो, पण माफी कधी मागितली नाही. घरात तर नाहीच नाही. त्या संध्याकाळी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "बाळा, माझं चुकलं. तुला विचारायला पाहिजे होतं." बायको हातातलं लाटणं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली.

नातीनं विचारलं, "मागचे भाग फेकले?"

फेकतोय कसला! कारखान्याची खोड, तुकडा टाकवत नाही. बिस्किटांच्या डब्यात सगळी ढुंगणं जपून ठेवली होती. ती बघून पोरगी आल्यापासून पहिल्यांदा हसली. "ह्यांना पण चुंबक लावू या," म्हणाली.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघं त्याच कामात. मी घासायचो, ती दोन ट्यूबांतला गोंद काडीनं कालवायची. माझं चुकलं की मलाच दटावायची, "आजोबा, शेपूट खाली नाही, वर!" मी निमूट ऐकायचो. माझ्यावर आवाज चढवणारं कुणीतरी भेटलं म्हणून बायकोला कोण आनंद झाला होता.

निघायच्या दिवशी मी तोंडं काढून कागदात गुंडाळायला घेतली. नातीनं माझा हात धरला.

"ती नको. मागची द्या मला."

"अगं, ढुंगणं कोण लावतं फ्रिजवर? तोंडं ने, आईला दाखव."

"नको, तोंडं इथंच असू देत." ती शेपट्या एकेक करून पिशवीत भरत होती. "आईकडे मी असते. तुमच्याकडे कोण असतं?"

माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवलेही नाहीत. तिला पुण्याला पोचवायला निघालेला मुलगा खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. मी तिला उचलून घेतलं आणि गुडघे कुरकुरत असतानाही गाडीपर्यंत खाली ठेवलं नाही.