मातीला गेलेल्यांची दांडी

परवा आईची तेरवी आटोपून पहिल्यांदा कामावर गेलो. वरठीजवळच्या एका कारखान्यात मी एचआरमध्ये आहे. कुणाशी फार बोलावं लागू नये म्हणून गेल्या गेल्या कॉम्प्युटर उघडला...

आमच्याकडे कामगार टिकत नाहीत. कोण सोडून जाणार हे आधीच कळावं म्हणून मी हजेरीच्या डेटावरून एक शीट बनवली आहे. न सांगता दांड्या पडल्या की नाव लाल होतं. लाल नावाला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला पाठवत नाहीत... जाणाऱ्यावर खर्च कशाला, हे माझंच म्हणणं.

परवा वेल्डिंगच्या देवानंदचं नाव लाल दिसलं. शेवटची दांडी आई गेली त्या दिवसाची.

त्या दिवशी तो सकाळची ड्यूटी सोडून आईच्या मातीला आमच्या गावी आला होता. लाकडं त्यानेच रचली, वैनगंगेपर्यंत खांदा दिला.

दुपारी तोच समोर आला. "साहेब, ट्रेनिंगमधून माहं नाव काहून कटलं जी?"

मी खरं ते सांगितलं. तो हसला. "मातीले जाचं असन त आधी अर्ज द्या लागते का आता? तुमची माय त सांगून नाही गेली."

मॅनेजरसाहेबांशी बोलून त्याचं नाव परत टाकलं. पण मग जुनी हजेरी उघडून बसलो. कितीतरी दांड्यांपुढे नंतर लिहिलेलं कारण एकच... मातीला गेलो. आपल्याकडे मातीला अख्खं गाव जातं, हे मला काय माहीत नव्हतं? तरी सुपरवायझर म्हणायचा, "याच्या घरी म्हाताऱ्या तरी किती?" आणि मीही हसायचो.

त्यातले बरेच लाल झाले, मागे राहिले आणि सोडून गेले. मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं, बघा, शीटने बरोबर ओळखलं...

काल त्यातल्या एकाला फोन केला. का सोडलंस, एवढंच विचारायचं होतं. त्याला कुणाकडून तरी आईचं कळलं होतं. मी बोलायच्या आधीच तो म्हणाला, "साहेब, मले उशिरा समजलं जी. नाही त मातीले आलो असतो."