‘वर विचारतो’ म्हणालो होतो

किसनतात्या गेल्याची बातमी आली ती आमच्या जुन्या कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मी सांगलीत, घरच्या गॅलरीत चहा पीत बसलो होतो. जोडलेल्या हातांची रांग लागली होती, तिच्यात मीही एक ओळ टाकली, ‘निडर फौजी हरपला.’ पटापट वीस-बावीस अंगठे आले. थोड्या वेळानं मला कसंसंच झालं. कारण तात्या निडर नव्हते, आणि हे त्या ग्रुपातल्या इतर कुणापेक्षा मला जास्त ठाऊक होतं. त्यांनी ते मला तोंडावर सांगितलं होतं.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. मी टाइम ऑफिसात, आणि गेटवरच्या माणसांच्या ड्यूट्या लावायचं काम माझ्याकडं. तात्या मूळचे म्हसवडकडचे. लष्करातून सुटून आले आणि पुढं अठरा वर्षं आमच्या गेटवर उभे राहिले. कपड्यांना कडक इस्त्री, पांढऱ्या मिशा, आणि साहेबाची गाडी असो की भंगारवाल्याचा टेम्पो, सलाम सारखाच. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना तात्या म्हणायचो, ते मला सायेब.

कोरोनाच्या वर्षी टाळेबंदीनंतर कारखाना पुन्हा सुरू झाला, तेव्हा तात्या अठ्ठावन्न वर्षांचे होते. साखरेचा आजार जुना, त्यात दमा. आणि त्यांच्या हातात दिलं काय, तर ताप मोजायचं ते पिस्तुल. पाळी बदलताना दोन-अडीचशे माणसं एकामागून एक त्यांच्या पुढ्यात कपाळ घेऊन यायची. कुणाचा मास्क हनुवटीवर, कुणाचा खिशात. तात्या हात लांब करायचे, मान दुसरीकडं वळवायचे. आम्हाला त्याची मजा वाटायची. साताऱ्यात घरटी एक माणूस सैन्यात, त्यामुळं फौजीला भीती नसते हे आम्ही सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. आणि गृहीत धरलेली गोष्ट खोटी निघाली की माणसं हसतात. मी तर त्यात पुढं होतो. गेटमधून जाताना एकदा मी मुद्दाम, अगदी त्यांच्या तोंडाजवळ, खोकलो. ‘काय तात्या, शत्रूच्या गोळीला भ्याला न्हाई आन् खोकल्याला भ्याला व्हय?’ मागची सगळी रांग फिदीफिदी हसली. तात्यांनी सलाम केला. माझा ताप मोजला आणि ‘जावा सायेब’ म्हणाले... पुढं आठवडाभर पोरं तात्यांपाशी आली की खोकायची. ती टूम माझी.

मग एका सकाळी पाळी आत गेल्यावर तात्या गेटच्या कट्ट्यावर मटकन बसले. साखर उतरली असेल म्हणून मी बिस्किटं घेऊन धावलो. त्यांनी मान हलवली.

‘साखर न्हाई सायेब. दम धरतोय मी. माणूस म्होरं आला की श्वास बंद, त्यो गेला की सोडायचा. आज गर्दी लय हुती. चक्कर आली.’

‘रोज असंच करता?’

‘रोज. रातच्याला बी झोप न्हाई. सकाळी वर्दी चढवली की हातापायाला घाम सुटतुया. मला काट्यावर टाका सायेब. तितं एकट्याचं काम हाय.’

वजनकाट्याची खोली कारखान्याच्या मागच्या टोकाला होती. काचेची खिडकी, दिवसाला पाच-सहा ट्रक, ड्रायव्हर खालूनच चिठ्ठी देणार. मी गमतीत घ्यायला बघितलं. म्हणालो, ‘तात्या, तुम्ही फौजी...’ त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही.

‘फौजी हाय म्हून काय झालं? मला मरायचं न्हाई, सायेब.’

इतकं सरळ वाक्य मी कारखान्यात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आम्ही सगळेच घाबरलेले होतो. कुणी काढे पीत होतं, कुणी कापराच्या पुड्या हुंगत होतं, आणि वरून छाती फुगवून हिंडत होतं. मी स्वतः टेबलापुढं प्लॅस्टिकचा पडदा लावून घेतला होता आणि पेन सॅनिटायझरनं पुसत होतो. मी तात्यांना म्हणालो, ‘वर विचारतो.’

खरं सांगायचं तर वर विचारायचं काही कारणच नव्हतं. ड्यूटी मीच लावायचो. पण तात्यांना काट्यावर टाकलं असतं तर माणसं कमी पडून टाइम ऑफिसातल्या एकाला पाळीच्या वेळी गेटवर उभं राहावं लागलं असतं, आणि तो एक म्हणजे मी. पुढच्या तीन महिन्यांत तात्यांनी मला तीनदा विचारलं, ‘वरनं काय म्हणाले?’ मी तिन्ही वेळा ‘विचार चालू आहे’ म्हणालो. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

तात्यांना कोरोना झाला नाही. दोन वर्षांनी हार-नारळ घेऊन ते धडधाकट निवृत्त झाले. ‘झालं तर काहीच नाही ना’ या एका वाक्यावर मी इतकी वर्षं निवांत काढली. पण झालं नाही कसं? एक म्हातारा माणूस वर्षभर रोज सकाळी घाबरत होता आणि त्याची भीती पाच मिनिटांत दूर करणं माझ्या हातात होतं.

दहाव्याला मी साताऱ्याला गेलो. वसाहतीच्या कडेला त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. पडवीत फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटची एक आडवी रेघ दिसली. माझी नजर तिकडं गेलेली पाहून तात्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, ‘त्या रोगाच्या वर्षी ह्यांनीच वढली. कामावरनं आलं की हे रेघंच्या भाईर बसायचं, मी ताट रेघंवर ठेवायची. रोग गेला, पर ह्यांची बसायची जागा काय बदलली न्हाई. परवा-परवापतुर तितंच च्या प्यायचं.’

मी नेमका रेघेच्या बाहेरच टेकलो होतो. काकूंनी चहा आणला, सवयीनं वाकल्या आणि कप रेघेवर ठेवला.

‘तुमीच न्हवं का ते टाइम ऑफिसचं सायेब? हे लय नाव काढायचं तुमचं. म्हणायचं, सायबांनी माज्यासाटी वर लय भांडण केलं, पर वरची माणसं ऐकंनात.’

तात्यांना खरं कळलं नव्हतं की कळूनही बायकोपुढं त्यांनी माझी लाज राखली होती, हे आता कुणाला विचारणार? मी कप उचलला. ‘हो काकू,’ म्हणालो, ‘पुष्कळ भांडलो.’

काकू, हे सगळं मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापायला दिलं आहे, आणि तुमच्या नातीला ते तुम्हाला वाचून दाखवायला सांगितलं आहे. मी भांडलो नाही. वर कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.