उतारावर बंद केलेलं इंजिन

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी परदेशी गाडी घेतली, पण सवय आधीच्या जीपचीच राहिली. उतार लागला की इंजिन बंद, तेवढंच पेट्रोल वाचतं. "ह्या गाडीत तसलं करू नगा, हिचा ब्रेक इंजिनाच्या जोरावर चालतोय, बंद केलं की दगडागत हुतोय," गॅरेजच्या मिस्त्रीनं त्यांना माझ्यासमोर बजावलं होतं.

तरी राधानगरीपुढच्या घाटात त्यांनी इंजिन बंद केलंच. दुसऱ्या वळणावर समोर एसटी आली आणि ब्रेक दबेना. "किल्ली फिरवा, आबा!" मी बोंबललो. त्यांचे हात स्टेअरिंगलाच चिकटलेले. शेवटी मीच वाकून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, ब्रेक लागला, एसटी आमच्या गाडीचा आरसा फोडून गेली.

दुसऱ्या दिवशी आबा मिस्त्रीवरच उखडले, "असलं ब्रेक करतोस व्हय रं?" मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. त्यानं बजावलं त्याला साक्षीदार मी एकटाच होतो. आणि मी, लेकाचा, तो फुटका आरसा पुसत राहिलो.