रांगडा हात

कालव्याकाठच्या आमच्या ओळीत मामाची थापी लागली नाही अशी एकही भिंत नाही. मामा गवंडी. ओळंबा लावून जेवायला बसेल असा माणूस. बोलायला मात्र कच्चा, आणि साहेबलोकांपुढे तर तोंडात मिठाची गुळणी.

मालाच्या नावा बंद झाल्या, वखारींना कुलपं लागली आणि सगळं पुरेसं मोडल्यावर वारसा समितीला ते आवडू लागलं. पाहणीला एक तज्ज्ञ आले. हातात टॉर्च, तोही भर दुपारी चालू. वखारीच्या कमानीखाली उभे राहून म्हणाले, "तीनशे वर्षं! बघा, कसा रांगडा हात आहे!"

तो रांगडा हात मामाचा. बारा वर्षांपूर्वी ट्रकने कमान पाडली, मालकाने घाई केली आणि मामाने हाताला लागेल तो दगड लावून ती उभी केली. त्या कामाची त्याला इतकी लाज, की वखारीसमोरून जाताना तो मान वर करत नसे.

मग तज्ज्ञ मामाच्या घरी आले. मागे पाण्यालगतचं मामीचं स्वयंपाकघर हे ओळीतलं सगळ्यात जुनं बांधकाम, मामाच्या पणजोबांच्या हातचं. मामा दरवर्षी त्याला चुना द्यायचा, कोपरा न कोपरा नीट ठेवायचा. तेच नडलं.

"हे अलीकडचं अतिक्रमण," नोटीस हातात देत तज्ज्ञ म्हणाले. "महिन्याभरात पाडा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मामा कसाबसा समितीच्या ऑफिसात गेला. "साहेब, कमान माझी आहे. जुनं आहे ते स्वयंपाकघर."

"मिस्त्री," साहेब हसले, "जुन्या कारागिरांचं श्रेय लाटू नका."

मी असतो तर टेबल उलटं केलं असतं. मामा सरळ घरी आला. मामी म्हणाली, "खरं सांगून भागत नाही ना? मग त्यांना हवी तशी भिंत दाखवा. माझं स्वयंपाकघर वाचलं पाहिजे."

मामाने गिलावा काढला. आतल्या विटा अशा सरळ, की कालच लावल्यात म्हणावं. पणजोबाही तसलेच! शेवटी मामाने छन्नी घेतली. कडा उडवल्या, सांधे उकरले, ताकात शेवाळ कालवून फासलं. तीन दिवस हेच काम. एरवी मी कशावरही हसतो, पण तेव्हा मला हसू आलं नाही.

तज्ज्ञ आले, भिंतीवरून हात फिरवला, डोळे भरून आले. नोटीस रद्द झाली आणि पाटी लागली : 'संरक्षित वास्तू. दुरुस्तीस सक्त मनाई.'

पावसाळ्यात उकरलेल्या सांध्यांतून पाणी थेट शेगडीवर. मामाने सांधे भरायची परवानगी मागितली. उत्तर आलं, मूळ स्वरूपाला हात लावू नये. मामीने शेगडी उचलून पुढच्या खोलीत पलंगाशेजारी मांडली.

परवा तज्ज्ञ पाहुण्यांना घेऊन आले. गळती दाखवत म्हणाले, "भिंत थंड ठेवायची ही त्या काळची युक्ती." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मामाला राहवेना. "नाही हो, ती गळती माझ्या हातची आहे," तो म्हणाला, तर सगळे खो खो हसले.

ते गेल्यावर मामी पलंगावर बसून कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "स्वयंपाकघर वाचवलंत हो. मला तेवढं बाहेर काढलंत."